सगळ्यांना सारखे धागे

बाळासाठी पांघरूण दुकानातून आणायचं नाही, ते आपण स्वतः डिझाइन करायचं, एवढाच साधा निर्णय मी घेतला होता. हातभर कापड ते, त्याने कुणाचं काय बिघडणार, असं मला तेव्हा वाटत होतं. (कापडाच्या मापांबद्दलचे माझे अंदाज किती विश्वासाचे असतात, ते पुढे येईलच.)

मी एका कापड गिरणीच्या डिझाइन विभागात ज्युनिअर आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर चेक्स काढतो. शर्टांचे, चादरींचे, उशांच्या अभ्र्यांचे. लोकांना वाटतं, माणसाला सुरकुत्या येतात तसे कापडाला चेक्स आपोआप येतात. तसं नसतं. कुणीतरी बसून ठरवावं लागतं की आधी इतके निळे धागे, मग इतके पांढरे, मग पुन्हा निळे. सॉफ्टवेअरमध्ये एका रकान्यात रंग भरायचा, दुसऱ्यात धाग्यांची संख्या, बटण दाबायचं, की पडद्यावर कापड तयार. कॉलेजात असताना मी समाज बदलायचं ठरवलं होतं. त्यासाठी समता मंडळ काढलं होतं. त्याचा मी संस्थापक, अध्यक्ष आणि बऱ्याच बैठकांना हजर असलेला एकमेव सभासद. पुढे नोकरी लागली, समाज तसाच राहिला आणि मी चेक्सकडे वळलो. पण तळमळ काही कुठे जात नाही. ती जागा शोधत असते.

चेक्समधला सगळ्यात मानाचा प्रकार म्हणजे टार्टन. दूर कुठल्याशा थंड डोंगराळ मुलुखात म्हणे प्रत्येक घराण्याचा आपापला टार्टन असतो. जाड पट्ट्या, बारीक रेघा, आणि उभ्या धाग्यांना रंगांचा जो क्रम, तोच आडव्यांना. त्यामुळे होतं काय, की त्यातला प्रत्येक रंग बाकीच्या प्रत्येक रंगाला कुठे ना कुठे भेटतोच. आवडो न आवडो. तोंड फिरवायची सोयच नाही.

आता घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे मला हे सगळं का सुचलं ते कळेल.

माझी आई आणि माझ्या सासूबाई एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सासूबाई आईच्या पुढे उभ्या राहिल्या आणि फोटोत आईचा फक्त कान आला. एकच. डावा. सासूबाईंचं म्हणणं, फोटोग्राफरने जिथे उभं केलं तिथे मी उभी राहिले. आईचं म्हणणं, माणसाला आपल्या मागे कोण आहे याची जाणीव असावी. तेव्हापासून दोघींचा सगळा व्यवहार आमच्यामार्फत चालतो. ‘तुझ्या सासूला म्हणावं, तब्येतीला जप,’ हे वाक्य आई अशा सुरात म्हणते की पुढे पोचवताना मला त्यात थोडं पाणी घालावं लागतं.

आणि अशात बायकोचे दिवस भरत आले होते.

“मला दोघी हव्या आहेत,” ती म्हणाली. ती सोफ्यावर आडवी होती. सोफा आता पूर्णपणे तिच्या मालकीचा झाला होता. “एकाच वेळी. एकाच खोलीत. आणि बोलणाऱ्या.”

“होईल.”

“कसं होईल? आई म्हणते, विहीणबाई येणार असतील तर त्यांचं आटपू दे, मी मागाहून येते. तुझी आई म्हणते, त्यांचं आटपू दे, मी मागाहून येते. म्हणजे कुणीच येणार नाही. मी आत काय सिस्टरचा हात धरून बसू?”

“माझा धर की.”

तिने माझ्या हाताकडे नीट पाहिलं.

“दोघी हव्या आहेत,” ती म्हणाली.

तेव्हाच मला ती कल्पना सुचली. मी उठून उभा राहिलो. (महत्त्वाचं बोलताना मी उभा राहतो. मंडळात असल्यापासूनची सवय.) “आपल्या घराचा टार्टन! प्रत्येकाचा एक रंग. आईचा, तुझ्या आईचा, दोन्ही वडिलांचा, तुझा, बाळाचा. दोघींना एकदम सारखे धागे. एक इकडे नाही की तिकडे नाही. आणि त्यांचे रंग जिथे एकमेकांवरून जातील तिथे नवीन रंग तयार होईल. दोघींचा मिळून! तेच बाळाचं पांघरूण. ते बघितल्यावर कुणाच्या मनात अढी राहील का?”

“पांघरूण दुकानात मिळतं,” बायको म्हणाली.

“दुकानातल्या पांघरुणात विचार नसतो.”

“ऊब असते.”

“तुला तुझा कुठला रंग हवाय?”

“मला झोप हवीये,” असं म्हणून ती कुशीवर वळली. मी तिला पांढरा दिला.

बाळाला मध्यभागी पिवळी रेघ दिली. बाबांना फोन केला. ते म्हणाले, “कुठलाही दे. फक्त आईला विचारून दे.” सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, “एक मिनिट हं, हिच्याकडे देतो.” दोघांनाही राखाडी दिला. मी स्वतःसाठी रेघ ठेवलीच नाही. कार्यकर्त्याने स्वतःला पुढे करू नये, अशा मताचा मी आहे.

आईने डाळिंबी निवडला. सासूबाईंनी मोरपंखी. दोन्ही रंग एकेकटे फार सुंदर. मी मोठ्या उत्साहाने बटण दाबलं आणि ते जिथे एकमेकांवरून गेले तिथे शेवाळलेल्या मोरीचा रंग उमटला.

मी चित्र आईला मोबाइलवर पाठवलं. लगेच फोन आला.

“अरे, हा मधे कसला रंग आहे?”

“तो तुमचा दोघींचा मिळून झालाय.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली.

सासूबाईंचा फोन तासाभराने आला. “जावईबापू, चित्र छान आहे. फक्त तो मळका तुकडा कुणाचा?”

“तो तुमचा आणि आईचा संयुक्त आहे.”

“माझा तर स्वच्छ होता,” सासूबाई म्हणाल्या. “मी बघून दिला होता.”

मी दोन्ही रंग थोडे फिके केले. मोरी जाऊन तिथे जांभळट काहीतरी आलं. ते बरं दिसत होतं. आता मिटलं, असं मला वाटलं. तेवढ्यात आईने विचारलं, “पण माझी पट्टी केवढी आहे रे?”

“चोवीस धागे.”

“आणि त्यांची?”

“चोवीस. अगदी सारखी. तेच तर तत्त्व आहे.”

“सारखी?” आई जरा थांबली. “असू दे. मी काय म्हणणार! मुलाची आई मी, कान दिसला तरी मला पुष्कळ आहे. पण तुला काही वाटतं का, ते बघ.”

मला वाटलं. आईचे धागे मी दुप्पट केले. पण तत्त्व म्हणजे तत्त्व, म्हणून लगेच सासूबाईंचेही दुप्पट केले. मग वडिलांच्या, बायकोच्या, बाळाच्या रेघा तुलनेत बारीक दिसायला लागल्या. त्यांनी काय घोडं मारलंय? त्याही दुप्पट केल्या. बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं. कुठे तोल ढळला नाही, काही नाही. समता म्हणतात ती हीच, असं मनाशी म्हणून मी चित्र दोघींना पाठवलं.

“वाढवलंस म्हणतोस,” आई म्हणाली, “पण दिसत तर नाही.”

“दुप्पट केलंय, आई.”

“मग पुन्हा कर.”

सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या काही मागत नाहीत. “नाही नाही, असू दे हो,” त्या म्हणाल्या. “आमचं काय, मुलगीच दिली तिथे धागे कुठे मोजत बसायचे? फक्त विहीणबाईंनी वाढवून घेतल्याचं आमची लेक म्हणत होती, म्हणून विचारलं.”

मी पुन्हा सगळ्यांचे दुप्पट केले. चित्र तसंच. पुन्हा आईचा फोन, पुन्हा सासूबाईंचा न मागण्यासाठी केलेला फोन. आठवडाभर हे चाललं. दोघींना दुसरीची पट्टी जाडी वाटायची आणि मी प्रत्येक वेळी दोघींना न्याय द्यायचो. धाग्यांच्या रकान्यातला आकडा चांगला भरदार होत गेला, पण आकड्याकडे बघणारा माणूस मी नाही. मी प्रमाण बघतो. प्रमाण पहिल्या दिवशी होतं तेच शेवटच्या दिवशी होतं. हे जगात किती जणांना जमलंय?

एकदा बायकोने मागून डोकावून पाहिलं. “हे गेल्या आठवड्यातलंच चित्र आहे ना?”

“नाही. यात खूप काम झालंय.”

“कुठे?”

“ते दिसत नाही,” मी म्हणालो. “मूलभूत आहे.”

शेवटी मी दोघींना स्वतंत्रपणे सांगितलं, की पांघरूण आता विणायला जातंय, बाळाच्या वेळी हॉस्पिटलमध्येच उघडू, तुम्ही समोर असाल तरच. दोघी यायला तयार झाल्या. प्रेमाने नव्हे, पट्टी तपासायला. पण चळवळीत माणसं कशाने का येईनात, यावीत. बायको मात्र म्हणाली, “त्या नुसत्या येऊन उपयोग नाही. बोलायला हव्यात. नाहीतर मला आत कळा आणि बाहेर या दोघींचं मौनव्रत. मी तशीच घरी परत येईन.”

गिरणीत सॅम्पल विणायचा एक छोटा माग आहे. आम्हा नोकरांना घरच्यासाठी एखादा मीटर विणून मिळतो. तिथले मास्तर सुट्टीवर निघायच्या घाईत होते. त्यांनी फाइल उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

“हे नक्की काय आहे?” त्यांनी विचारलं.

“मास्तर, याला नुसतं कापड समजू नका. हा एक विचार आहे.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “विचाराचा पन्हा किती ठेवू?”

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. “मीटरभर. लांबीही मीटरभर. लवकर द्या.” मला असल्या बारीकसारीक गोष्टींत वेळ घालवायला आवडत नाही.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी मी बायकोला हॉस्पिटलात दाखल केलं, दोन्ही घरी फोन केले आणि रिक्षा करून गिरणीत गेलो. पुडकं तयार होतं, खाकी कागदात, सुतळीने बांधलेलं. मास्तर जागेवर नव्हते. पुडकं काखेत मारून मी तसाच परत आलो.

हॉस्पिटलच्या मजल्यावर एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला सासूबाई. मधे चार माणसं बसतील एवढी जागा आणि त्या जागेवर कुणी बसायला धजत नव्हतं. एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही वडील खाली चहाला गेले होते, ते अर्थातच अजून चहाच पीत होते.

“आलास?” आई म्हणाली. “तुझ्या सासूबाईंना विचार, पाणी हवंय का.”

“आईंना म्हणावं, मी घरून पिऊन आलेय,” सासूबाई म्हणाल्या.

आतून बायकोचा आवाज आला. “बोलल्या का?”

“बोलतायत!” मी दाराशी जाऊन ओरडलो. (तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं.)

मग मी दोघींच्या मधोमध उभा राहिलो. “आई. सासूबाई. आज मी तुमच्यापुढे जे उघडतोय,” मी म्हणालो, “त्यात कुणी पुढे नाही आणि कुणी मागे नाही.” सुतळी तोडली, कागद फाडला आणि पांघरूण दोन्ही हातांनी झटकन पसरलं.

ते डाळिंबी होतं.

म्हणजे आख्खंच डाळिंबी. या काठापासून त्या काठापर्यंत. मी उलटून पाहिलं. मागूनही डाळिंबी.

“अगं बाई,” आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “छान झालंय हो.”

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, कापडाचा काठ बोटांत धरून पाहिला.

“जावईबापू, माझा रंग कुठाय?”

मी तिथेच मास्तरांना फोन लावला. ते बसस्टँडवर होते. “हो, फाइलप्रमाणेच विणलंय,” ते म्हणाले. “तुमची पहिली पट्टीच दीड मीटरची आहे. मीटरभर कापडात तेवढीच येणार.”

“पण पडद्यावर सगळे रंग दिसत होते!”

“पडद्यावर काय, तो आख्खं डिझाइन मावेल एवढं बारीक करून दाखवतो. खाली कोपऱ्यात मापं लिहिलेली असतात.”

खाली कोपऱ्यात मापं असतात हे मला ठाऊक आहे. पण ती बघायचं काम आमच्या साहेबांचं.

“तुम्हाला संशय नाही आला, मास्तर?”

“आला की. पण तुम्ही म्हणालात विचार आहे. म्हटलं, साधाच असणार.”

मी फोन ठेवला. सासूबाई अजून वाट पाहत होत्या.

“तुमचा रंग आहे,” मी म्हणालो. “फक्त तो पुढे येतो.”

“पुढे म्हणजे?”

“म्हणजे हे कापड असंच विणत गेलं तर...” मी अंदाज घेतला. “त्या खिडकीपाशी सुरू होईल.”

सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. “आणि यांचा?” आईने विचारलं.

“बाबा जिन्याजवळ.”

“आणि बाळाची पिवळी रेघ?”

“लिफ्टसमोर कुठेतरी.”

 भिंतीला टेकलेले ते गृहस्थसुद्धा लिफ्टकडे बघून आले. सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि त्या उठल्या. अशा उठल्या की मला कळलं, त्या आता जिन्याकडे जाणार, चहाला गेलेल्या सासऱ्यांना घेणार आणि रिक्षात बसणार. आत बायको होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण अशा वेळी जे शब्द हवेत ते माझ्याकडे कधीच नसतात. माझ्याकडे भाषणंच असतात.

“बसा हो विहीणबाई,” आई म्हणाली.

सासूबाई थांबल्या. आई त्यांच्याशी बोलली होती. थेट. मी मधे उभा असताना माझ्या अंगावरून.

“बसा,” आई पुन्हा म्हणाली. “माझा निदान कान तरी आला होता. तुमचा तर धागाही नाही घेतला मेल्याने.”

सासूबाई आईकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, मग दुसरा हलला, आणि त्या मटकन बाकावर बसल्या, टोकाला नव्हे, मधे, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आईलाही हसू फुटलं. मीही सौम्यपणे हसलो. ते कुणी लक्षात घेतलं नाही.

“खरं सांगू का,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “त्या दिवशी नवीन चपला चावत होत्या मला. जिथे उभी राहिले तिथून हलवेना. मागे कोण आहे, पुढे कोण आहे, काही सुधरत नव्हतं.”

“मग तेव्हाच नाही का सांगायचं?”

“कुणाला सांगणार? तुम्ही तर कान घेऊन निघून गेलात.”

पुन्हा हसणं. ते कापड आता दोघींच्या मांडीवर पसरलं होतं आणि दोघी ते एकेका टोकाने चाचपत होत्या.

“वीण चांगली आहे पण,” सासूबाई म्हणाल्या.

“वीण मास्तरांची असेल,” आई म्हणाली.

“एक विचारू? राग नाही ना? हे...” सासूबाईंनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे मान केली. “लहानपणापासून असेच?”

“असाच. शाळेत एकदा सगळ्यांना सारखा खाऊ वाटायला घेतला. वाटून झाल्यावर वर्गात कुणालाच पुरला नाही.”

“मला वाटत होतं, लग्नानंतर झालं की काय. आमच्या मुलीला उगाच बोलायची मी.”

“छे, छे. तिचा काही दोष नाही. आम्ही सांगायला हवं होतं.”

एवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. “एक बाई आत चला. एकच. पेशंटजवळ.”

“तुम्ही जा,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही हो, मुलगी तुमची. तुम्ही जा.”

“सून तुमची नाही का? तुम्ही जा.”

“तुम्ही मोठ्या आहात.”

“कोण म्हणतं? तुम्हीच मोठ्या.”

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “दोघी चला,” त्या म्हणाल्या. “इथे वय ठरवत बसू नका.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तू हे घे,” आई म्हणाली आणि तिने व सासूबाईंनी आपापल्या पर्सेस माझ्या गळ्यात अडकवल्या.

संध्याकाळी मुलगी झाली. मला आत घेतलं तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती आणि तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासूबाई. दोघींचे दोन हात तिच्या हातात होते. बाळ हॉस्पिटलच्या पांढऱ्या कपड्यात होतं, कारण कोरं न धुतलेलं कापड तान्ह्या बाळाला गुंडाळतात का, असं सिस्टर, आई आणि सासूबाई तिघी मला एका सुरात विचारून झाल्या होत्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दमली होती, पण चेहरा मऊ झाला होता. “तू केलंस हे,” ती हळूच म्हणाली.

“हो,” मी म्हणालो आणि भिंतीला धरून जरा ताठ उभा राहिलो. इतक्या वर्षांत माझी एक तरी चळवळ यशस्वी झाली होती.

“मग आम्ही ठरवलंय,” आई म्हणाली. “विहीणबाई आणि मी, दोघी तीन महिने तुमच्याकडे राहतो.”

“आता कुणी मागाहून येणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. “एकदमच.”

“उत्तम!” मी म्हणालो. आमच्या दोनच खोल्या आहेत, हे मला त्यानंतर आठवलं.

“आतल्या खोलीत ही आणि बाळ,” आई बोटांवर मोजत म्हणाली. “बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी. सोफा यांना, गादी मला.”

“नाही हो, सोफा तुम्हाला.”

“ते आपण घरी बघू.”

“आणि मी?” मी विचारलं. त्या दिवशी हा प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारत होतो.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. माझ्या जागेचा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

“जावईबापू,” सासूबाई अगदी प्रेमाने म्हणाल्या, “तुमच्या गिरणीत रात्रपाळी असते ना?”

“असते की,” आई म्हणाली. “मी आवाज ऐकलेत भोंग्याचे.”

मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि दोघींचे हात घट्ट धरले होते.

ठराव एकमताने मंजूर झाला. सुट्टीवरून आल्यावर मास्तरांना मी विचारलं, तीन महिने रात्रपाळीत माझी काही सोय होईल का. त्यांनी जरा विचार केला.

“होईल की,” ते म्हणाले. “रात्री चेक्स नसतात, नुसतं एका रंगाचं कापड निघतं. तुमचा हात त्यात चांगला बसलाय.”